कायम बाईंचे सल्ले

मे महिना लागला की मला फोन यायला लागतात. काही माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे, काही बी.एड.च्या सराव पाठांसाठी आमच्या शाळेत येऊन गेलेल्या मुलांचे, काही कुणाच्या तरी मामेबहिणीचे. आधी तब्येतीची चौकशी, मग उन्हाळा किती आहे, मग दहावीचा निकाल. एवढं झालं की पलीकडचा आवाज थोडा खाली येतो. "मॅडम, तुमच्याकडं जागा आहे का हो?" गणिताची असेल तर उत्तमच, पण तासिकेवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर असली तरी चालेल. मानधन कमी मिळालं तरी चालेल. अनुभव तरी गाठीला लागेल.

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. मी मात्र अर्धा तास बोलते. मुलाखतीत फळा कसा वापरायचा, पाठ टाचण नेटकं कसं काढायचं, सातवीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे सगळं सांगते. मला ते सांगायला आवडतं. मी बरं सांगते असं लोकही म्हणतात. फोन ठेवताना समोरचं माणूस आभार मानतं आणि मला दिवसभर बरं वाटत राहतं.

या बरं वाटण्याचा मी अलीकडे हिशेब मांडायला बसले आहे. त्यांनी विचारली होती जागा, मी दिला सल्ला. जागा देणं माझ्या हातात नाही, हे खरं. पण जागेबद्दलची माहिती माझ्याकडे असते. कोणते सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत पुढचा बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, संस्थेनं शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर मागणी नोंदवली की नाही, पटसंख्येवर ठरणाऱ्या यंदाच्या संचमान्यतेत पद टिकतंय की जातंय. स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना ठाऊक असतं. गुप्त ठेवा असं मला कुणीही सांगितलेलं नाही, तरी फोनवर जीभ अडते. उद्या संस्थेत कळलं की ह्या बाई बाहेर माहिती देतात तर? त्या जागेवर डोळा ठेवून कुणाची तरी सून आधीच बसली असेल तर? नाहीतर पटसंख्या घटून मीच अतिरिक्त ठरले, तर मला त्या रिकाम्या जागेचा आधार लागेल का? ही शेवटची शंका मी आजवर स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलले नव्हते.

मी अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. २००८ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, तीन वर्षांनी कायम झाले. माझ्या मागून जे आले त्यांच्या तोंडावर दार लागलं. २ मे २०१२ चा शासन निर्णय आला: आधी अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, तोवर नवी भरती नाही. तेव्हा गावोगाव डी.एड., बी.एड.ची महाविद्यालयं भरलेली होती. शेतीचा तुकडा गहाण टाकून शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना २०१३ च्या डिसेंबरात पहिली राज्यस्तरीय शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, द्यावी लागली. २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली, दोन तासांत दोनशे प्रश्न. मग पवित्र पोर्टल, मग प्राधान्यक्रम भरणं, मग न्यायालयातल्या तारखा. दुसरी अभियोग्यता चाचणी व्हायला २०२३ उजाडलं आणि तिसरी २०२५ मध्ये झाली. मधल्या काळात किती जण वयोमर्यादेपलीकडे गेले, किती जणांनी बचत गटाची हिशेबनिशी धरली, किती जणांनी जिल्ह्याच्या गावी कपड्यांची दुकानं टाकली. त्यातला एक मला अजूनही बाजारात भेटतो आणि न चुकता विचारतो, "मॅडम, पोरं कशी आहेत?"

अशा माणसांना मी वर्षानुवर्षं एक वाक्य सांगत आले आहे. "मन लावून शिकवत राहा, जागा मिळतेच. मला नाही का मिळाली?" हे वाक्य मी पुन्हा तपासून पाहिलं. त्यातलं 'मिळतेच' खोटं आहे, हे २०१२ नंतर कुठल्याही शहाण्या माणसाला कळायला हवं होतं. पण 'मला नाही का मिळाली' हा भाग जास्त घोटाळ्याचा निघाला.

मी एक पैसाही न देता लागले. हे मी अभिमानानं सांगत आले आणि ते खरं आहे. आमच्याकडे डोनेशनचा विषय निघाला की मी मान ताठ करून बसते. जाहिरात आली, अर्ज केला, मुलाखत झाली, नमुना पाठ घेतला, निवड झाली. पण मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात माझे वडील संस्थेच्या एका जुन्या सभासदांकडे चहाला गेले होते. दोघं एकाच तालमीतले. माझं नाव त्यांनी काढलं असेलच. मी कधी विचारलं नाही आणि वडिलांनी कधी सांगितलं नाही. पाठ माझा चांगलाच झाला होता, पण दुसऱ्या कुणाचा झाला नव्हता असं मी कशाच्या बळावर म्हणू? त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आणखी उमेदवार होते. त्यांतली एक मुलगी सोलापूरहून रात्रीच्या एसटीनं आली होती. तिचे वडील तिथं कुणाच्याच तालमीतले नव्हते.

हे लिहिताना स्वतःला फटके मारून घ्यावेत असं मला वाटत नाही. वडिलांनी चहा घेतला यात गुन्हा नाही. मला टोचतं ते असं की, माझी कहाणी मी कष्ट आणि गुणवत्ता एवढ्यावरच संपवते. ऐकणारी पोर घरी जाऊन मग स्वतःतच कमी शोधत बसते. २०२१ च्या शेवटी टीईटीतला गैरव्यवहार उघड झाला आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जवळपास आठ हजार उमेदवारांवर कारवाई झाली, तेव्हा स्टाफरूममध्ये सर्वांत जास्त मीच संतापले होते. संताप खरा होता. पण त्या संतापात एक सुख होतं. पैसे देणारे ते, मी वेगळी. एवढी ठळक रेघ ओढली की चहाची गोष्ट आपोआप चांगल्या बाजूला जाऊन पडते.

आता वर्गातल्या सल्ल्यांकडे येते. मला खरा धक्का बसला तो इथे.

आमचा व्यवसाय सल्ल्यांवर चालतो. डी.एड., बी.एड.मध्ये सूक्ष्म अध्यापनाची कौशल्यं घोकून होतात, पण शिकवायला माणूस शिकतो तो शेजारच्या वर्गातल्या माणसाकडून. पहिल्या दिवशी वर्गात हसायचं नाही, दिवाळीनंतर हसलं तरी चालतं. फळ्याकडे तोंड करून फार वेळ उभं राहू नये. पोरं गलका करायला लागली की आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. जो सर्वांत दंगा करतो त्याला मॉनिटर करायचं. पालक भेटायला आले की तक्रारीआधी त्यांच्या लेकराची एक तरी चांगली गोष्ट सांगायची. एखादं मूल उमगायला वर्ष जावं लागतं, घाई करू नये. यातले निम्मे सल्ले मला आमच्या जुन्या हेडसरांनी दिले, थोडे एका हिंदीच्या बाईंनी, उरलेले मी स्वतः ठेचा खाऊन मिळवले. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत, एसटीत हे सल्ले या हातातून त्या हातात जातात. कुणी त्याचे पैसे मागत नाही. आमच्या पेशात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कोणती, तर हीच.

मग आमच्याकडे एक नवी मुलगी शिकवायला आली. गणित-विज्ञानाचे एक सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली जाईना. त्यांचे काही तास आम्हा कायम शिक्षकांत वाटले गेले आणि उरलेले तासिका तत्त्वावर तिच्याकडे. एम.एस्सी., बी.एड., टीईटी पास, अभियोग्यता चाचणीत बरे गुण, पण तिच्या प्रवर्गाची यादी तिच्या वर थांबलेली. त्याआधी तिनं एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, एका आश्रमशाळेत आणि दोन खासगी क्लासमध्ये शिकवलं होतं. तिला आठवी ब मिळाली. ही तुकडी कशी आहे, ते तालुक्यातल्या केंद्रप्रमुखांनाही ठाऊक आहे. आणि ती तुकडी तिला मिळाली कशी? वेळापत्रक मी आणि आणखी एक सर मिळून करतो, तसं मिळाली. आम्ही काही कट केला नव्हता. रिकामे चौकोन भरत गेलो आणि आठवी ब, दुपारचा शेवटचा तास, तिच्या नावावर पडला. वर्षानुवर्षं नव्या माणसाच्या नावावर तो असाच पडतो.

मी तिला प्रेमानं जवळ बसवून सल्ले दिले. दिवाळीपर्यंत हसू नकोस. आवाज उतरव. वर्ष जाऊ दे, मुलं आपोआप तुझी होतील. तिनं ऐकून घेतलं. पंधरा दिवसांनी मी सहज विचारलं, "काय गं, बसला का वर्ग?" ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही न हसता उभ्या राहिलात तर मुलं घाबरतात, कारण तुम्ही दहावीपर्यंत त्यांना दिसणार आहात. मी न हसता उभी राहिले तर ती मार्चपर्यंत वाट बघतात."

ती हे रागानं बोलली नाही. वही तपासता तपासता बोलली.

मुलांना सगळं कळतं, हे मीच लोकांना सांगत आले होते. ह्या मॅडम तासिकेच्या आहेत, हे त्यांना कसं कळणार नाही? तिचं नाव शिक्षकांच्या हजेरीपटावर नाही, वेगळ्या वहीत आहे. सहामाहीचे पेपर ती तपासते आणि प्रगतिपुस्तकावर सही माझी होते. पालकसभेत तिला बोलावत नाहीत, कारण ती वर्गशिक्षिका नाही. मग पालकांना चांगली गोष्ट आधी सांगायचा माझा सुंदर सल्ला तिनं वापरायचा कुठं? दंगेखोराला मॉनिटर करायचं तर मॉनिटर नेमण्याचा अधिकार वर्गशिक्षकाचा. आणि मूल उमगायला वर्ष जावं लागतं म्हणावं, तर तिला वर्षच मिळत नाही. तिचे तास जुलैत सुरू होतात आणि एप्रिलमध्ये संपतात. सलग सेवा दिसू नये म्हणून जूनचा महिना काळजीपूर्वक गाळला जातो.

त्या रात्री मी माझे सगळे लाडके सल्ले एकेक करून तपासले. तंत्र म्हणून जे मी वाटत होते, त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्यांच्या तळाशी माझी नोकरी होती. माझा शांत आवाज कायम पदाचा आवाज आहे. माझा संयम सातव्या वेतन आयोगाच्या पगारावर पोसलेला संयम आहे. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. मुलांसाठी तो खराच कामाला येतो. पण तो दुसऱ्याला देताना, सोबत काय लागतं तेही सांगायला हवं होतं. ते न सांगितल्यामुळे जे व्हायचं तेच झालं. सल्ला चालला नाही की सल्ला घेणाऱ्याला वाटायचं, आपल्यातच शिक्षक नाही. मलाही मनातून तेच वाटायचं. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येऊन गेलेल्या तासिकेच्या दोन-तीन जणांबद्दल मी हेडसरांपाशी म्हणून गेले आहे, "वर्गावर पकड नाही त्यांची."

आठवी ब मात्र डिसेंबरपर्यंत बसली. कशी, ते सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. अपूर्णांकांच्या बेरजेत आमची मुलं एक चूक हमखास करतात. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. वर वरची बेरीज, खाली खालची. हे पाचवी-सहावीतच मोडायला हवं, पण आठवीतही ते जिवंत असतं आणि बीजगणिताच्या राशींत शिरून नासधूस करतं. माझी रीत ठरलेली: लाल रेघ, 'लसावि काढ' असा शेरा आणि पुन्हा दहा उदाहरणं. तिनं काय केलं? ते चुकीचं उत्तर, कुणाचं आहे ते न सांगता, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि एवढंच विचारलं, "दोन छेद पाच मोठा की एक छेद दोन?" वर्गानं जरा वेळ घेतला. दशांशात करून बघणारं एक पोरगं म्हणालं, "शून्य पॉइंट चार. म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी." मग मागच्या बाकावरून आवाज आला, "अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला तर भाकरी कमी कशी झाली?" यापुढे तिला बोलावंच लागलं नाही. लसाविची गरज मुलांनीच मागून घेतली.

ही युक्ती तिला आश्रमशाळेत सुचली होती. तिथं मुलांच्या वह्या नेहमी पुरत नसत, त्यामुळे सगळी चर्चा फळ्यावर व्हायची. मी ती युक्ती ऐकली, आवडली आणि माझ्या सहावीत केली. जानेवारीच्या शिक्षण परिषदेत बोलायची पाळी माझी होती. मी ती तिथं सांगितली. सुरुवातीलाच म्हटलं, "आमच्या शाळेतल्या एका बाईंनी हे करून पाहिलं." टाळ्या झाल्या. साधनव्यक्तींनी विचारलं, "त्या बाईंना का नाही आणलं?" मी म्हटलं, "त्या तासिकेवर आहेत." आणि हे उत्तर सगळ्यांना पुरेसं वाटलं. मलाही. एकानंही विचारलं नाही की त्यामुळे काय झालं. परिषदेला यायचं तर त्या दिवसाचे तिचे तास बुडतात आणि बुडलेल्या तासांचे पैसे मिळत नाहीत, हे मला तिनं सांगितलं नव्हतं. मला ते आधीपासून माहीत होतं.

ज्यांनी सर्वांत जास्त शाळा पाहिल्या, सर्वांत अवघड वर्ग घेतले, साधनं नसताना शिकवलं, ती माणसं आमच्या सल्ल्यांच्या देवघेवीत नेहमी घेणाऱ्याच्या बाजूला बसवलेली असतात. देणारे आम्ही, कारण आम्ही टिकलो. आणि टिकलो ते केवळ गुणवत्तेनं नाही, हे मी वर लिहिलंच आहे.

जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषदांच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना तात्पुरतं घ्यायचा निर्णय झाला. महिना वीस हजार रुपये, वयाच्या सत्तरीपर्यंत. त्याच वर्षाच्या सुरुवातीला शिक्षणसेवकांचं मानधन वाढून प्राथमिकला सोळा हजार, माध्यमिकला अठरा हजार झालेलं होतं. म्हणजे निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला वर वीस आणि दहा वर्षं वाट बघून लागलेल्या तरुणाला सोळा. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींनी ते काम घेतलं. फार चांगला माणूस, हाडाचा शिक्षक. मी फोन करून त्यांचं अभिनंदन केलं, "शाळा तुम्हाला सोडत नाही बघा," असंही म्हणाले. त्यांच्या जागी उमेदीचं कोण उभं राहू शकलं असतं, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता की नव्हता? आला होता. तो बोलणं अप्रशस्त वाटलं. गुरुजींची भीड पडली आणि जिला मी ओळखतही नाही अशा मुलीची पडली नाही. माझ्या आयुष्यातले बरेचसे नैतिक निर्णय असे भिडेनं झाले आहेत, असं आता दिसतं. समोर जो उभा आहे त्याची भीड. जो दाराबाहेर आहे त्याला चेहराच नसतो.

दर पाच सप्टेंबरला आम्ही साने गुरुजींचं नाव घेतो. मीही भाषणं केली आहेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ पासून शिकवत होते आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, हे मी दरवेळी सांगते. त्यातलं नोकरी सोडून एवढं सोडलं तर बाकीचं अनुकरण आम्हाला झेपण्यासारखं वाटतं. चेष्टा म्हणून नाही लिहीत. नोकरी सोडावी असं मला मुळीच वाटत नाही, आणि सोडून दाराबाहेरच्या कुणाला ती मिळणारही नाही; पद व्यपगत होईल, एवढंच.

मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणारे जे शिक्षक आधीपासून सेवेत आहेत आणि ज्यांची पाच वर्षांहून अधिक नोकरी उरली आहे, त्यांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल, नाहीतर घरी. स्टाफरूममध्ये आग लागली. आम्ही लागलो तेव्हा ही अट नव्हती, हे आमचं म्हणणं चुकीचं नाही, आणि आजही मला त्यात अन्याय दिसतो. पण मला स्वतःचीच वाक्यं आठवायला लागली. "टीईटी म्हणजे काय मोठं, अभ्यास केला की निघते." जिचा निकाल वर्षानुवर्षं एक अंकी टक्क्यांत लागत आला, त्या परीक्षेबद्दल मी हे फोनवर किती सहज म्हणत होते! दीडशेपैकी नव्वद. मी पुस्तक उघडलं आणि बालमानसशास्त्राच्या पहिल्याच सराव संचात तोंडावर आपटले.

शिकवलं कुणी? तिनंच. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही प्रयोगशाळेत बसायचो. मी तिला मॅडम म्हणायला लागले ते आधी गमतीनं, मग खरोखर. तिची रीत अशी की आधी मला विचारायची, "वर्गात असं झालं तर तुम्ही काय करता?" मी सांगायची. मग ती म्हणायची, "हे तुम्ही करता ना, त्याचं पुस्तकातलं नाव हे." मूल एकट्यानं जे करू शकतं आणि कुणी हात दिला तर जे करू शकतं, त्यांतलं अंतर व्हायगॉट्स्कीनं कसं मांडलंय, ते मला तिच्याकडून एका बैठकीत कळलं. तीस गुणांच्या त्या भागाची भीती गेली. गणित-विज्ञानाचे साठ गुण माझे होतेच. २३ नोव्हेंबरला परीक्षा दिली. निकालाबद्दल इथं लिहीत नाही, विषय तो नाही.

त्या शनिवारांमध्ये एकदा मला जाणवलं की मी तिच्याकडून फुकट शिकते आहे, आणि शिकते आहे ते माझी नोकरी टिकवण्यासाठी. ती जी परीक्षा केव्हाच पास झाली होती त्या परीक्षेची तयारी ती माझ्याकडून करून घेत होती. तिच्या हाती त्या प्रमाणपत्रानं काही लागलं नव्हतं. माझं सगळं त्यावर अवलंबून होतं. मी फी द्यायचं ठरवलं. पाकीट पुढं केल्यावर ती जरा अवघडली. पैसे नको म्हणाली. मी आग्रह केला. तेव्हा म्हणाली, "मॅडम, एक करता येईल का? मी इथं शिकवलंय एवढं कागदावर द्यायला सांगा ना. पुण्यातल्या एका शाळेत अर्ज करायचाय. ते अनुभवाचं पत्र मागतात."

किती साधी गोष्ट. आणि किती अवघड, हे मला लगेच कळलं, कारण मी इतकी वर्षं आत आहे. तासिकेवाल्यांना आमच्याकडे नियुक्तीपत्र नसतं. अनुभवाचं पत्र दिलं तर उद्या ती त्याच्या आधारे कायम करा म्हणून कोर्टात जाईल, अशी धास्ती असते. म्हणून तोंडी नेमणूक, तोंडी कौतुक आणि तोंडी निरोप. आजवर कितीतरी जणांना मी "अनुभव महत्त्वाचा" म्हणून अशा तासांवर जायला सांगितलं. तो अनुभव कागदावर उतरत नाही, हे सांगितलं नाही.

फी देणं मला सोपं होतं. सल्ला देणंही. हेडसरांच्या टेबलापुढं उभं राहून "हिला पत्र द्या" म्हणणं मला जड गेलं, आणि ते किती जड गेलं यावरूनच मला माझा अंदाज आला. मी ते दोन आठवडे पुढं ढकललं. सहामाही होऊ दे, गॅदरिंग होऊ दे, हेडसरांचा मूड बघू. शेवटी बोलले. हेडसर भला माणूस. म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला मध्ये पडता? मी बोलतो संस्थेशी." संस्थेशी बोलणं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग मी लेखी अर्ज केला. गणित विषय विभागाची प्रमुख या नात्यानं. तिनं कोणत्या वर्षी कोणत्या तुकडीला कोणता विषय शिकवला, आठवड्याला किती तासिका घेतल्या, कोणत्या परीक्षांचे पेपर तपासले, सगळं वेळापत्रकाच्या प्रती जोडून लिहिलं. वेळापत्रकं माझ्याकडेच होती, मीच केलेली. अपूर्णांकांची ती पद्धत तिची आहे आणि जानेवारीच्या शिक्षण परिषदेत मी तिच्या नावाशिवाय मांडली, हेही एका ओळीत घातलं. ती ओळ दोनदा खोडली आणि पुन्हा लिहिली; अर्जात तिची गरज नव्हती, मला होती. लिपिकांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "बाई, हे आवक नोंदवहीत घ्यायचं का?" मी म्हटलं, "घ्या." स्टाफरूममध्ये त्यानंतर एक-दोघं माझ्याशी जरा कमी बोलतात.

यंदाचे फोन सुरू झाले आहेत. परवा एका मुलीला सांगितलं की आमच्याकडे गणिताची एक जागा रिकामी आहे, संस्थेनं अजून मागणी नोंदवलेली नाही, बिंदू अमुक प्रवर्गाचा आहे, आणि तोवर तासिकेवर घेतील पण कागद देणार नाहीत. ती गप्प झाली. वर्गाबद्दल तिनं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आभार न मानता फोन ठेवला. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही. पुण्याच्या शाळेची मुदत वीस तारखेला संपते, म्हणून सोमवारी मी पुन्हा हेडसरांकडे जाणार आहे.